फाटलेल्या आवाजाचा माग

बेबीमेटल या जपानी बँडचा 'मेटल फोर्थ' हा अल्बम 8 ऑगस्ट 2025 रोजी आला. पुढे तीन मुली गातात-नाचतात आणि त्यांच्या मागे गिटार-ड्रम्सचा डोंगर कोसळत असतो. जपानी पॉपचा गोडवा आणि हेवी मेटलचा दणका एकाच गाण्यात बसवण्याचा त्यांचा प्रयोग 2010 पासून चालू आहे. या अल्बमने अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या दहांत जागा मिळवली. त्यातलं 'कोन! कोन!' हे गाणं त्यांनी दिल्लीच्या ब्लडीवूडबरोबर केलं आहे. ढोल आणि बासरी मेटलमध्ये आणणारा हा आपल्याकडचा बँड. जपान आणि भारत अशा अंगावर येणाऱ्या संगीतात एकत्र आले, याचं कौतुक झालं आणि ते व्हायलाच हवं होतं.

मीही तो अल्बम पुन्हा पुन्हा ऐकला. तो कानात असतानाच 6 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आली. छत्रपती संभाजीनगरात राजाबाजारच्या संस्थान गणपतीची आरती होऊन मिरवणूक निघाली आणि संध्याकाळी मी गुलमंडीवर उभा होतो. एक ढोलपथक गेलं, लेझीमवाली पोरं गेली, आणि मागच्या टेम्पोवरून असा आवाज आला की मी वळून पाहिलं. तारेचा, धातूचा, कडांना फाटलेला. वरचा सूर ओळखीच्या गाण्याचा होता, पण खाली एकच स्वर सतत गुरगुरत होता. गिटार असेल असं वाटलं. टेम्पोत गिटार नव्हती, बेंजो होता.

वाजवणारे गृहस्थ साठीकडे झुकलेले. मांडीएवढ्या उंचीच्या लोखंडी स्टँडवर ती लांबट लाकडी पेटी आडवी ठेवलेली. उजव्या हातात नखी, डाव्या हाताची चार बोटं कळांवर. दोन कळांच्या टोप्या निघून गेल्या होत्या, तिथे शर्टाची बटणं चिकटवली होती. तारांखालच्या पिकअपमधून निघालेली वायर ॲम्प्लिफायरकडे जात होती आणि ॲम्प्लिफायरच्या आवाजाच्या बटणावर चिकटपट्टी मारलेली होती, कुणी हात लावू नये म्हणून. मिरवणूक थोडी अडली तेव्हा मी जवळ गेलो.

"काका, हे वाद्य मूळचं कुठलं?"

"मूळचं म्हणजे? आपलंच की. माझ्या वडलांकडं होतं, त्यांच्या उस्तादांकडं होतं."

तीन पिढ्यांचा हिशेब त्यांनी बरोबर सांगितला. त्याच्याही मागे गेलं, की वाट थेट जपानमधल्या नागोया शहरात पोहोचते.

30 जुलै 1912 रोजी सम्राट मेइजी वारले आणि जपानमध्ये ताइशो युग सुरू झालं. त्याच वर्षी नागोयाच्या ओसू भागात मोरिता गोरो नावाच्या कलावंताने एक नवं वाद्य लोकांपुढे ठेवलं. मोरिता युरोप-अमेरिकेत फिरून आले होते. तिकडे त्यांनी टाइपरायटर पाहिला आणि त्या यंत्राने त्यांच्या मनात घर केलं, असं सांगतात. जपानकडे निगेनकिन नावाचं दोन तारांचं जुनं वाद्य होतं. त्याच्या तारेवर स्वराची नेमकी जागा डाव्या हाताने धरावी लागे. मोरितांनी तारांवर टाइपरायटरसारख्या कळांची रांग बसवली. कळ दाबली की तिच्याखालची पत्री तार पडद्यावर टेकवते, आणि उजव्या हाताने तार छेडली की नेमका स्वर वाजतो. बोट चुकायला जागाच नाही. कळांवर आकडे घातलेले आणि गाणीही आकड्यांतच लिहिलेली. ज्याला स्वरलिपीचं अक्षर कळत नाही त्याने आकडे वाचत वाजवावं, इतकं सोपं. नव्या युगाचं नाव त्या वाद्याला मिळालं: ताइशोगोतो, म्हणजे ताइशो काळातली कोतो.

हे नागोयातच घडावं यालाही कारण आहे. सुझुकी मासाकिची यांनी 1887 पासून याच शहरात व्हायोलिन बनवायला सुरुवात केली होती, आणि पुढे त्यांच्या कारखान्यातून व्हायोलिनं घाऊक प्रमाणात बाहेर पडू लागली. पातळ फळी, पोकळ पेटी, ताणलेली तार यांचं काम जाणणारे हात तिथे होते. ज्या घरात कोतो घ्यायची ऐपत नव्हती, शिकायला गुरू नव्हता, त्या घरासाठी हे वाद्य जन्मलं. त्याचा हा स्वभाव मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे ते जिथे जिथे गेलं, तिथे तिथे अशाच घरांत राहिलं.

मुंबईची वाट कापसाने आधीच तयार केली होती. 1893 मध्ये जमशेटजी टाटा आणि जपानची निप्पॉन युसेन काइशा ही बोट कंपनी यांनी मिळून मुंबई ते जपान अशी थेट बोटसेवा सुरू केली. आपल्याकडच्या कापसाच्या गाठी त्या बोटींतून जपानच्या गिरण्यांकडे निघाल्या. पहिल्या महायुद्धात युरोपचा माल येणं थांबलं तेव्हा जपानी काड्यापेट्या, काचसामान, खेळणी यांनी आपले बाजार भरून गेले. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ताइशोगोतो हिंदुस्थानात आलं. इथे त्याला फार सुंदर नाव मिळालं: बुलबुल तरंग. बाजारात मात्र 'जपानी बँजो' हेच नाव चाललं, त्यातलं 'जपानी' गळून पडलं आणि महाराष्ट्राच्या तोंडी उरलं ते 'बेंजो'. अमेरिकेतला मूळचा बँजो अगदी निराळा. त्याची मान लांब, पोटाला चामडं, आणि तो घडवला आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांनी. दोघांत साम्य एवढंच की दोन्हींची तार झणझणते.

पहिल्या महायुद्धाच्याच काळात आणखी एक जपानी वाट आमच्या जिल्ह्यातून गेली. रवींद्रनाथ ठाकुरांच्या निमंत्रणावरून 1916 मध्ये भारतात आलेले चित्रकार अराई काम्पो अजिंठ्याला आले आणि लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या प्रती करत बसले. त्या प्रती जपानला नेल्या आणि 1923 च्या मोठ्या भूकंपानंतरच्या आगीत जळाल्या. अजिंठ्याची ही गोष्ट आमच्याकडे अभिमानाने सांगितली जाते. बेंजोची कुणी सांगत नाही.

आपल्या संगीताच्या दृष्टीने या वाद्यात मोठी खोट होती. कळ आणि पडदा जागचे हलत नाहीत, त्यामुळे मींड निघत नाही. आणि ज्या गायकीत एक स्वर दुसऱ्याकडे घसरत जातो तिथे मींड नसलेलं वाद्य तुटक बोलतं. वाजवणाऱ्यांनी यावर उजव्या हाताने उपाय काढला. नखी इतक्या वेगाने वर-खाली फिरवायची की वेगवेगळे आघात ऐकूच येऊ नयेत, सलग गळा लावल्यासारखा स्वर उभा राहावा. शिवाय बाजूच्या एक-दोन तारा कळांच्या पकडीबाहेर ठेवायच्या. नखी फिरताना त्याही वाजतात आणि खाली षड्ज धरून ठेवतात. गुलमंडीवर जी गुरगुर मला ऐकू आली ती या तारांची. मेटल ऐकणाऱ्याला हे लगेच उमगेल. तिकडेही गिटारची जाड तार एकाच स्वरावर थरथरत ठेवतात आणि तिच्यावर धून चढवतात.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. 1900 मध्ये मनमाड-हैदराबाद लोहमार्ग गोदावरीच्या खोऱ्यातून आला आणि आमचं शहर एका बाजूने मुंबईच्या तर दुसऱ्या बाजूने हैदराबादच्या बाजाराला जोडलं गेलं. दोन्हीकडे कव्वाली होती. आणि कव्वालीची मुळं तर आमच्या दारातच. खुलदाबादला विसावलेले बुऱ्हानुद्दीन गरीब हे दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे शिष्य. 1337 मध्ये ते वारले. समा, म्हणजे सूफी गायन, ऐकताना त्यांना असा भावावेश येई की त्यांच्या अनुयायांच्या डोलण्याच्या पद्धतीलाच 'बुऱ्हानी' म्हणू लागले. सहाशे वर्षांनी कव्वालीच्या पार्टीत हार्मोनियम, ढोलक आणि टाळ्यांच्या जोडीला बेंजो येऊन बसला. कव्वालाने ओळ उचलायची, साथीदारांनी ती वर फेकायची आणि मधल्या रिकाम्या जागेत बेंजोने तीच ओळ झणझणत परत आणायची. टाळ्यांच्या गजरात सारंगीचा आवाज बुडतो, बेंजोचा बुडत नाही. कव्वालांनी तो जवळ केला यामागे हे साधं कारण असावं असं मला वाटतं.

कव्वालीच्या मांडवातून बेंजो आंबेडकरी गायन पार्ट्यांत गेला. 1950 मध्ये बाबासाहेबांनी या शहरात मिलिंद महाविद्यालय सुरू केलं, नागसेनवन उभं राहिलं. बाबासाहेब गेल्यानंतर गावोगावच्या वस्त्यांमध्ये रात्र-रात्र गायनाचे सामने रंगू लागले. समोरासमोर दोन पार्ट्या, सवाल आणि जवाब. चाल बऱ्याचदा कव्वालीची, शब्द मराठी, विषय भीमाचा आणि बुद्धाचा. प्रल्हाद शिंदे यांच्यासारखा गायक दर्ग्याची कव्वाली, विठ्ठलाची गाणी आणि भीमगीतं अशी तिन्ही सारख्याच तळमळीने गायचा. बेंजो या तिन्ही दारांत बिनदिक्कत वावरला. 14 जानेवारी 1994 ला मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला. दरवर्षी त्या दिवशी विद्यापीठाच्या कमानीकडे लोटणारी गर्दी ज्यांनी पाहिली आहे, त्यांच्या आठवणीत निळ्या झेंड्यांबरोबर तारेची ती झणझणही असेल.

मांडवातून रस्त्यावर आल्यावर बेंजो बदलला. बंदिस्त जागेत लाकडाच्या पेटीचा आवाज पुरायचा, रस्त्यावर तो ढोल-ताशाखाली मरायचा. म्हणून तारांखाली पिकअप आला, पिकअपला ॲम्प्लिफायर, ॲम्प्लिफायरला भोंगे. या काळात धूनही बदलत होत्या. 1954 च्या 'नागिन' चित्रपटातली पुंगी खरी नव्हती. कल्याणजींनी ती क्लॅव्हिओलिन नावाच्या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर वाजवली होती. ती धून वरातींच्या डोक्यात कायमची बसली, आणि बेंजोवाल्यांनी आपल्या कळांवर ती बसवली. वरातीत जमिनीवर लोळून नागीण नाचणारा माणूस आणि समोर बेंजोवरची पुंगी, हे दृश्य मराठवाड्यातल्या कुठल्याही गावाला नवं नाही.

आता त्या फाटण्याबद्दल. आपल्याकडे मांडववाल्याला सांगतात, "आवाज फाटतोय, बारीक कर." ॲम्प्लिफायरच्या ताकदीपेक्षा जास्त जोराचा संदेश त्यात लोटला की लहरींचे शेंडे कापले जातात, कापलेल्या कडांतून नवे, खरखरीत उपस्वर निघतात आणि तारेचा आवाज दाट, रागीट होतो. पाश्चात्त्य संगीतात ही चूक मुद्दाम करायला लोकांनी पन्नास-साठच्या दशकांत सुरुवात केली. 1964 मध्ये लंडनच्या किंक्स या बँडच्या डेव्ह डेव्हिसने आपल्या स्पीकरचा कागद ब्लेडने चिरला. 1965 मध्ये बर्मिंगहॅमला टोनी आयोमी नावाच्या 17 वर्षांच्या कामगाराच्या दोन बोटांची टोकं पत्र्याच्या कारखान्यात मशीनखाली तुटली. तो डावखुरा, म्हणजे तुटली ती तारा दाबणारी बोटं. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली. गिटारच्या जाड तारा दाबवेनात, म्हणून बारीक तारा शोधल्या आणि त्या त्याला मिळाल्या बँजोच्या. अमेरिकी बँजोच्या, पण नाव ऐकून मी थबकलो. पुढे त्याने तारा सैल केल्या, सूर खाली उतरवला, आणि 1970 मध्ये त्याच्या ब्लॅक सॅबथ या बँडचा पहिला अल्बम आला. हेवी मेटलचा जन्म बहुतेक जण तिथून मोजतात.

म्हणजे कारखान्याचं गाव, कामगाराचा हात, पोलादी तार आणि फाटलेला आवाज. चिकलठाणा आणि वाळूजच्या शिफ्ट करून मिरवणुकीत नाचायला येणाऱ्या आमच्या शहराला यातलं काय परकं आहे? बेंजोवाल्याने मेटल ऐकून आवाज फाडला नाही. मिळेल त्या ॲम्प्लिफायरमधून चौकाच्या टोकापर्यंत पोहोचायचं होतं, त्यात तो फाटला. आणि फाटलेलाच लोकांना आवडला, कारण तो छातीत लागतो. बर्मिंगहॅम आणि गुलमंडी आपापल्या रस्त्याने एकाच ठिकाणी आल्या, असं माझं मत आहे, आणि मी त्यावर ठाम आहे.

नागोयाच्या या लेकराच्या इतर फांद्यांचं थोडक्यात सांगतो. जर्मनीच्या नोय! या प्रयोगशील बँडने 1972 च्या आपल्या पहिल्या अल्बममध्ये ते वापरलं, श्रेयनामावलीत 'जपान बँजो' असंच छापलं. मालदीवमध्ये बुलबुल तरंग घरचं वाद्य झालं. बलुचिस्तानात त्याचा 'बेंजू' झाला, आकाराने मोठा, स्वराने खोल. तिथल्या पसनी भागातल्या उस्ताद नूर बख्श यांचा 'जिंगुल' हा अल्बम 2022 मध्ये आला आणि म्हातारपणी त्यांना युरोपच्या मंचांवर बोलावणी आली. त्यांचाही बेंजू विजेवर चालतो, बॅटरीला जोडलेल्या छोट्या ॲम्प्लिफायरमधून. खुद्द जपानमध्ये ताइशोगोतो आज मुख्यतः वयस्क हौशी मंडळींच्या सामूहिक वादनात सौम्यपणे वाजतं. जो सौम्य राहिला तो भाऊ घरी आहे, जो ओरडायला शिकला तो आपल्याकडे.

आपल्याकडे त्याची कदर किती झाली? रवी जाधव यांनी 2016 मध्ये 'बँजो' हा हिंदी चित्रपट केला, आमच्या लातूरच्या रितेश देशमुखने त्यात मुंबईच्या वस्तीतला बेंजोवाला रंगवला. त्याचं वाजवणं ऐकून न्यूयॉर्कहून एक बाई त्याला शोधत येते, अशी कथा. चित्रपट फार चालला नाही. पण त्याने एक गोष्ट बरोबर पकडली होती: वाजवणाऱ्यालाच आपल्या वाद्याची लाज वाटते, तो ते लपवतो.

ही लाज आली कुठून, हे पेटीच्या उदाहरणावरून कळतं. हार्मोनियमही परकीच. 1842 मध्ये पॅरिसला तिचं पेटंट घेतलं गेलं. तिच्यातही मींड नाही. 1940 मध्ये आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली आणि ती 1971 पर्यंत उठली नाही. तरी पेटी टिकली, मोठी झाली, कारण तिच्यामागे नाट्यसंगीत उभं होतं, गोविंदराव टेंबे यांच्यासारखी माणसं उभी होती, भजनी मंडळं आणि शाळा उभ्या होत्या. बेंजोच्या मागे कोण होतं? कव्वाल, गायन पार्टीवाले, वरातीतले बिगारी, चाळीतली पोरं. परकेपण दोघांचं सारखं, खोटही सारखी. फरक पडला तो वाजवणाऱ्याच्या घराचा. मी याला संगीताचा निकष मानायला तयार नाही.

आता डीजेच्या भिंती आल्या आहेत. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनी निवासी भागात दिवसा 55 डेसिबल ही मर्यादा घातली, आणि मिरवणुकीत ती पाळली जात नाही याचा त्रास म्हाताऱ्यांना, तान्ह्या बाळांना होतो, हे मी नाकारत नाही. पण एक भेद करायला हवा. डीजेच्या भिंतीमागे कुणी वाजवत नसतं. बेंजोच्या टेम्पोत एक माणूस सहा-सात तास दोन्ही हातांनी काम करत असतो, आणि संध्याकाळी त्याच्या उजव्या अंगठ्याला नखीचा वळ उठलेला असतो. गुलमंडीवरच्या काकांनी तो मला दाखवला. "यंदा चारच सुपाऱ्या आल्या," म्हणाले, आणि टेम्पो हलला तसं पुन्हा वाजवू लागले.

31 जुलै 2024 रोजी टोयोटा किर्लोस्करने छत्रपती संभाजीनगरात सुमारे 20,000 कोटी रुपयांचा कारखाना काढण्याचा करार राज्य सरकारबरोबर केला. टोयोटाचं मूळ गाव जपानच्या आइची प्रांतात आहे, आणि त्या प्रांताची राजधानी नागोया. शहरात सगळीकडे बातमी झाली की नागोयाकडची माणसं आपल्याकडे येणार. त्यांच्या पाहुणचारात लेणी दाखवली जातील, हिमरू शाली दिल्या जातील. ते जरूर करावं. पण त्यांना एकदा 14 एप्रिलला क्रांती चौकातून भडकल गेटकडे जाणाऱ्या मिरवणुकीतही न्यावं, आणि बेंजोच्या टेम्पोजवळ उभं करून सांगावं की ही पेटी तुमच्या शहरातून निघाली होती, इथे ती अशी बोलते.

आणि त्याआधी आपण एक करावं. पुढच्या मिरवणुकीत तो आवाज आला की थांबा, वाजवणाऱ्याच्या डाव्या हाताकडे पाहा आणि त्याला त्याचं नाव विचारा. टेम्पोच्या फलकावर पार्टीचं नाव असतं, मालकाचा मोबाइल नंबर असतो. बेंजो वाजवणाऱ्याचं नाव तिथे लिहिलेलं नसतं.